तोकिएचा पिवळा भात

इसोमुरा तोकिए आयुष्यात कधी कुणाशी भांडली नव्हती. त्यामुळे तिने तांदूळवाल्या कोमातानीला भर दुकानात ‘जुना माल गळ्यात मारता’ म्हणून सुनावलं, तेव्हा गल्लीला आठवडाभर तोच विषय पुरला. बिचारा मुठी भरभरून तांदूळ तिच्या नाकासमोर धरत होता. “अहो बाई, याच हंगामाचा आहे, बघा तरी!” ती बघत होती आणि तिला तो पिवळाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी कामावर जेवणाच्या सुट्टीत तिने डबा माझ्यापुढे सरकवला.

“हात्सुचान, तूच सांग. पिवळा आहे की नाही?”

भात पांढराशुभ्र होता. मधोमध उमेचं खारवलेलं लाल आंबट फळ, नेहमीसारखं.

“भात नाही, तुझं डोकं पिवळं झालंय,” मी म्हणाले आणि हसले. तीही हसायला लागली, पण मधेच थांबली. मग तिने डब्याचं झाकण लावून टाकलं. जेवलीच नाही.

तोक्योच्या कडेला, रेल्वे फाटकाशेजारच्या इमारतीत आम्ही बायका मुलांच्या चित्रपटांना रंग भरायचो. चित्रं काढणारे वेगळे. त्यांच्या रेघा पारदर्शक प्लॅस्टिकवर उमटून आमच्याकडे यायच्या, आम्ही ते पान उलटं करून मागच्या बाजूने रंग भरायचा. हातात पांढरे मोजे, जवळ शिंकायलाही बंदी. तोकिए आमच्यात सगळ्यात स्थिर हाताची. रेघेच्या कडेशी आली की श्वास धरायची. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यापासून घर तिच्याच कुंचल्यावर चालत होतं.

त्या वर्षी हातात होता समुद्रातल्या ड्रॅगनचा चित्रपट. एक मुलगी त्याच्या पाठीवर बसून बुडालेलं बेट शोधायला निघते. वसंताच्या सुट्टीत तो लागणार होता. ड्रॅगनला दोन निळे रंग होते: एक दिवसाचा, एक संध्याकाळचा, थोडी जांभळट झाक असलेला. रंगांच्या बरण्यांवर काहीच लिहिलेलं नसे. नंबर असायचा तो फक्त झाकणावर.

भाताच्या त्या दिवसानंतर माझ्या लक्षात आलं, तोकिए रंगाकडे बघतच नाही. झाकण वाचते, उघडते, रंगवते आणि लगेच झाकण लावते. मी तिला जिन्यात गाठलं.

“खरं सांग.”

“दोन्ही निळे मला एकच दिसतात,” ती म्हणाली. तिने माझी बाही घट्ट धरली होती. “उन्हाळ्यापासून. आधी वाटलं, दिवाच मंद आहे. कुणाला सांगू नकोस गं. मला काढून टाकलं तर यांचं कोण करणार?”

मी डॉक्टरचं नाव काढलं, तर ती म्हणाली, “आणि त्याने सांगितलं की हे बरं होणार नाही, तर?” मी बडबडी बाई, पण हे कुणाकडे बोलले नाही.

वर्ष संपताना आमच्याकडे सगळी साफसफाई निघते. नव्या वर्षात जुनी धूळ न्यायची नाही. सगळ्यांनी डोक्याला फडकी बांधली, बरण्या पुसल्या, झाकणं अंगणातल्या टबात घासून काढली. निळ्या फळीवरची झाकणं परत लावायचं काम आमच्या विभागप्रमुख कुरामोचीसाननी तोकिएवर सोपवलं. का, तर तीच सगळ्यात जपून काम करणारी! रंग बघायचा आणि झाकण लावायचं, एवढंच काम. ती फळीसमोर उभी राहिली आणि तिने माझ्याकडे वळून बघितलं. मी तेव्हा शिडीवर, हातात ओलं फडकं. मी उतरेपर्यंत झाकणं लागली होती.

नव्या वर्षात मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, खाऊन फुगलेल्या आम्ही कामाला लागलो. कुणी फळीवरून बरणी घेतली, कुणी झाकण वाचलं, सगळ्या रंगवत सुटल्या. दुपारी कुरामोचीसान पानांची चळत घेऊन आल्या आणि त्यांनी खिडकीच्या उजेडात एक धरलं. भर दुपारच्या आकाशात संध्याकाळचा ड्रॅगन उडत होता.

“हे सगळं परत रंगवायचं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. त्यांनी दोन उघड्या बरण्या टेबलावर ठेवल्या. “एकेकीने या. दिवसाचा कुठला, सांगा.”

बायका उठू लागल्या. प्रत्येकीच्या आधी त्या बरण्यांच्या जागा बदलत होत्या. “डावा.” “उजवा.” मीही सांगून आले. मग तोकिए उठली. डावा असला तर मी एकदा खोकेन, उजवा असला तर दोनदा, असं मी परत येताना तिच्या कानात सांगितलं होतं. मी एकदा खोकले.

“हात्सुएसान, घसा धरला असेल तर चहा घ्या,” कुरामोचीसान म्हणाल्या.

तोकिएने खोकला ऐकला होता. तिला फक्त एक शब्द बोलायचा होता. ती बरण्यांकडे बघत राहिली, मग कमरेत पार वाकली.

“मला दोन्ही सारखेच दिसतात. झाकणं मीच लावली. फार मोठी चूक झाली.”

“कधीपासून दिसत नाही?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि तुम्ही रंगवत राहिलात?” कुरामोचीसान संतापल्या होत्या. मला वाटलं, आता हिचं सामान बांधायचं. पण त्यांनी एकदम विचारलं, “भात कसा दिसतो?”

तोकिए रडायलाच लागली. “पिवळा.”

कुरामोचीसान खुर्चीत बसल्या. “माझी आईही भाताला नावं ठेवायची. आम्ही तिलाच ओरडायचो. शेवटी भिंत चाचपत चालायची.” त्यांनी दोन्ही बरण्यांना झाकणं लावली. “उद्या डॉक्टरकडे जायचं. डोळे सुधारले तर तुमची जागा तुमचीच. नाही सुधारले, तर नुसती दया म्हणून मी तुम्हाला इथे ठेवणार नाही.”

मोतीबिंदू असल्याचं निघालं, ऑपरेशन ठरलं. डोळ्याला पातं लावणार, या विचाराने तोकिएने आदल्या दिवशी पाणीही घेतलं नाही. पट्टी निघाली त्या दिवशी मी डबा घेऊन गेले. ती डोळा गच्च मिटून बसली होती.

“आधी तू सांग, भात कसा आहे?”

“मी नाही सांगणार.”

“हात्सुचान, मला भीती वाटते गं.”

“मला पण वाटते. उघड.”

तिने डोळा उघडला. पाणी वाहत होतं, तरी ती डब्यात बघत राहिली. नंतर तिने भाताला बोट लावलं, लहान मूल लावतं तसं.

मी पिशवीतून कुरामोचीसाननी दिलेले, ड्रॅगनचे दोन निळे रंग लावलेले प्लॅस्टिकचे दोन तुकडे काढले. कुठला कोणता ते न सांगता पांघरुणावर ठेवले.

“हा संध्याकाळचा,” ती लगेच म्हणाली. दुसरा तिने खिडकीकडे धरला आणि गप्पच झाली.

“काय झालं? दिसत नाही?”

“दिसतोय,” ती म्हणाली. “हा असा आहे होय तो? इतके महिने रंगवला मी त्याला. कधी बघितलाच नव्हता.”

मला हुंदका आवरेना. ती मात्र तुकडा छातीशी धरून जेवायला लागली आणि दोन घास खाल्ल्यावर थांबली.

“अगं हात्सुचान,” ती घाबरून म्हणाली, “आता त्या कोमातानीच्या दुकानात कुठल्या तोंडाने जाऊ?”