कुंकू न लागणारा पंख

आमच्या डिपार्टमेंटला किडे हवे होते. हे मी फोनवर गावी सांगितलं तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "याच्यासाठी तू इतक्या दूर गेला?"

मी सिहोऱ्याकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. काही वर्षं तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलली, मग एका ठेकेदाराच्या टोळीसोबत पार दक्षिणेत बांधकामावर आलो. ज्या इमारतीच्या भिंती आम्ही उभ्या केल्या, तिच्यातच आता मी कामाला आहे. विद्यापीठाचा एरोस्पेस विभाग. आधी झाडझूड केली, मग सामानाची ने-आण. एक दिवस तिथल्या सरांनी माझ्या हातात बारीक पॉलिश पेपर दिला आणि विमानाचा पंख घासायला बसवलं. घासून झालं की डोळे मिटून बोट फिरवायचं, बोटाला लागलं ते हवेलाही लागणार, हे त्यांनीच शिकवलं. दुसऱ्या कोणी आठवी शिकलेल्याला पंखाजवळ फिरकू दिलं नसतं. हे मी विसरत नाही, आणि म्हणूनच मला सारखी धास्ती असते की आपल्या हातून काही बिघडू नये.

विभागात ज्याचं त्याचं वेगळं वेड आहे. एकजण चतुर किड्यासारखे पंख फडफडवणारं इवलंसं यंत्र करतो, ते उडतं कमी आणि पडतं जास्त. एकाला ड्रोनचा आवाज कमी करायचा आहे, तो दिवसभर जाड भिंतींच्या खोलीत पंखे ऐकत बसतो. एकजण तणसापासून विमानाचं इंधन करू पाहतो. मळणीत धान चुरल्यावर उरलेलं ते तणस आमच्याकडे बैल खातात, असं मी त्याला सांगितलं, तर त्याने गंभीरपणे विचारलं की एक बैल किती खातो.

आणि एक केरळची मुलगी होती, पीएचडी करणारी. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला भैया. तिचा विषय गुळगुळीत पंखाचा. पंख गुळगुळीत असला की हवा त्यावरून शांत सरकते आणि इंधन वाचतं. पण खालून उडताना पुढच्या कडेवर किडे आपटतात, चिकटतात, आणि तेवढ्याशा ठिपक्यामागे सगळी हवा विस्कटते. म्हणून तिने एक लेप तयार केला होता, ज्याला किडा चिकटू नये असा. चार वर्षं त्यात गेली होती. माणूस बसत नाही असं एक छोटं विमान होतं, त्याचा उजवा पंख साधा ठेवला आणि डाव्याला लेप दिला. लेपाचा तेवढा एकच पंख होता. प्रबंध त्याच वर्षी द्यायचा होता, आणि खऱ्या किड्यांतून उडल्याशिवाय तो पुरा होणार नव्हता.

मी सहज बोलून गेलो, की आश्विनात आमच्याकडे जड, म्हणजे उशिरा पिकणारं, धान उभं असतं, दिवा लावला की तुडतुडे थेट ताटात पडतात. तिने ते धरून ठेवलं. सरांनी उडवायच्या परवानग्या काढल्या. तेव्हापासून माझी झोप गेली. धान कापलं की किडे संपले, म्हणजे संधी एकच. ती माझ्या शब्दावर माझ्या गावात येऊन वाया गेली, तर तिचं वर्ष जाणार होतं.

आम्ही तिघं आलो. मी, मॅडम आणि विमान उडवणारा तिचा एक सोबती. भावाने गावाबाहेरची आखर, म्हणजे सकाळी गुरं जमतात ती मोकळी जागा, झाडून ठेवली होती. शेणाची एक पोही दिसत नव्हती. भोवती चारी बाजूंनी बांध घातलेल्या धानाच्या बांध्या, पलीकडे बोडीचं, आमच्या लहान तळ्याचं, पाणी. मॅडम शेताच्या उंच धुऱ्यावर उभी राहून धानावर घोंघावणाऱ्या किड्यांकडे अशी बघत होती, जसं आम्ही चांगल्या पिकाकडे बघतो.

दुपार उतरल्यावर विमान जोडून एका बाजेवर ठेवलं. पोरांची गर्दी झाली होती. आम्हाला उतरायच्या जागेवर चुन्याच्या खुणा करायच्या होत्या, म्हणून मी मायला विमानापाशी बसवलं आणि कोणालाही हात लावू देऊ नकोस असं बजावून गेलो.

परत आलो तर दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेवर पाच-पाच टिके. ओली हळद, त्यावर कुंकू, त्यावर तांदळाचे दाणे. माय हातात थाळी घेऊन समाधानाने उभी होती.

"मी कोणालेच हात लावू देला नाही," ती म्हणाली.

हे काय केलं, असं मी कसंबसं विचारलं.

"काय केलं म्हणजे? टॅक्टर आणला तवा नव्हतं केलं का? खालच्या गाडीले टिका लावाव, अन् वर जाते तिले नाही?"

भाऊ मागून हसला आणि लगेच गप्प झाला, कारण मॅडम पंखापाशी उकिडवी बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. लेपाला आजवर हातमोज्याशिवाय कोणी शिवलं नव्हतं. लेप गेला असेल तर तो पुन्हा द्यायला परत जावं लागणार होतं, आणि तोवर इथलं धान कापून झालं असतं.

तिने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "भैया, पोंछेंगे तो माँ को बुरा लगेगा?"

मलाही तेच टोचत होतं. लावलेलं कुंकू पुसायचं, तेही सगळ्या गावासमोर, लावणारीच्या डोळ्यांदेखत. मी मायला सांगितलं की हे पुसा लागते, नाही तर या पोरीचं चार वर्षांचं काम जाते.

मायने थाळी खाली ठेवली. "पुस ना मंग. ते काय माह्या कपाळाचं आहे?"

म्हणाली तशी, पण तोंड बोडीकडे वळवलं.

मी ओला फडका घेतला. आधी साध्या पंखापासून सुरुवात केली. दाणे निघाले, कुंकू पसरलं, हळद मात्र आत मुरली. पाच पिवळे डाग राहिले ते राहिलेच. डोळे मिटून बोट फिरवलं, तर काही लागलं नाही. डाग दिसत होता, पण त्याला जाडी नव्हती. मॅडमने मान हलवली, रंगाचं हवेला काही नसतं म्हणाली.

मग डावा पंख. फडका एकदाच फिरवला आणि पंख घासलेल्या ताटासारखा पांढरा निघाला. तिने त्या जागी पाण्याचा थेंब टाकला. थेंब क्षणभरही न थांबता घरंगळत गेला. पाचही ठिकाणी तसंच. ती तिथेच मातीत बसली आणि हसायला लागली.

मायने वळून पाहिलं. तिला ते मुळीच आवडलं नाही. "याले तं कुंकूच लागत नाही," ती म्हणाली. मग थाळी घेऊन मॅडमसमोर आली. "तर हिले लावतो. हिले तं लागते ना?"

मॅडमला शब्द कळले नसतील, पण तिने मान खाली केली.

ऊन पिवळं झालं तसं विमान उडालं. बांध्यांवरून अगदी खालून, धानाच्या लोंब्या नुसत्या हलतील एवढ्या उंचीवरून. बोडीवर वळायचं आणि पुन्हा धानावरून यायचं, अशा कितीतरी फेऱ्या झाल्या. भावाने पोरांना गप्प बसवलं होतं. चुन्याच्या खुणेच्या थोडं पुढे ते उतरलं तेव्हा मी श्वास सोडला.

भावाच्या मोटरसायकलच्या उजेडात पंख पाहिले. उजव्याच्या कडेवर हिरवे-करडे ठिपकेच ठिपके, कुठे पाय, कुठे पंखाचा तुकडा. डावीकडेही काही होते, लेप अगदीच बिनचूक नव्हता, पण ते शोधावे लागत होते. मॅडम भिंग लावून एकेक टिपत होती आणि तिचा सोबती फोटो काढत होता. तिने माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. प्रबंध होणार होता, आणि पुढे तो वेळेत झालाही.

मायही वाकून बघत होती. दोन्ही पंख नीट निरखून म्हणाली, "ज्याले कुंकू लागलं त्यालेच किडे लागले."

मी म्हटलं, हेच तर पाहायला आलो होतो माय. डाव्याला काही लागूच नये, एवढ्यासाठी ही चार वर्षं खपली.

तिने थोडा विचार केला. "अस्सं. मंग ते चांगलंच म्हणा." आणि लगेच, माझ्या नाही, मॅडमच्या कपाळाकडे बघत, "पण सुखरूप खाली आलं ते हिच्या टिक्यानं. हे बी लिहून घ्या म्हणा तिले."

मी ते हिंदीत करून सांगितलं. मॅडमने भिंगातून डोळा न काढता मान डोलावली.