जरा सरकून बसा

आमच्या नणंदेच्या जावयांइतका गर्दीत राहणारा एकटा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही. धायरीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, बायको साडेआठला ऑफिसला गेली की घरात हे एकटे. पण भर दुपारी जिन्यात उभं राहिलं तर आतून पाच जणांचं गाणं ऐकू येतं. एक जाड आवाज, तीन मधले, आणि एक इतका बारीक की सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा बेल वाजवून विचारलं, "त्या बाई कोण?" जावईबापूंनी दार सताड उघडलं. "मीच." "आणि बाकीचे?" "तेही मीच." सेक्रेटरी पलंगाखाली वाकून बघून आले. कोणी नव्हतं, गाणं मात्र चालूच होतं. "हा माणूस दारात माझ्याशी बोलत होता, आणि आत तोच गात होता हो!" असं ते खाली येऊन चारचौघांना सांगत होते. तेव्हापासून ते गणपतीचा प्रसाद द्यायलासुद्धा चौथ्यावर जात नाहीत.

जावईबापूंचं वय तेहतीस, पण जीव अडकलाय त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या जमान्यात. कपाळावर झुलपं, पायांना घट्ट बसणारी पँट, टोकदार बूट. माझ्या लहानपणी रेडिओवर लागायची तशी टाळ्या-शिट्ट्यांची, ला-ला-लाची गाणी ते आज नव्याने रचतात. गिटार, ड्रम, टाळ्या सगळं स्वतःच. घुमणारा आवाज हवा म्हणून बाथरूममध्ये गातात. एकदा मी हातपाय धुवायला पाऊण तास ताटकळले, आणि हे आत बादलीला "येशील ना गं परत" म्हणून आळवत होते. ती गाणी म्हणे परदेशातले लोकही मोबाईलवर ऐकतात. नणंद मात्र शेजारणींना "जावई घरून काम करतात" एवढंच सांगते.

हे सगळं, एकावर एक आवाज चढवत, चालतं एका मोठ्या रिळांच्या टेपरेकॉर्डरवर. तो त्यांनी जुन्या बाजारातून आणला, आणि रिळंही तिथूनच, कुणाकुणाची वापरलेली. जुनं पुसून त्यावर नवं भरायचं, पण मशीनचा पुसणारा भाग म्हातारा झालाय. त्यामुळे गाण्याच्या तळाशी कुठे कुणाची मंगलाष्टकं, कुठे पाढे म्हणणारं पोर, कुठे एक म्हातारा नुसताच खोकतोय. ही माणसं कोण, आता आहेत की गेली, कुणाला ठाऊक! जावईबापू रीळ आधी कधीच ऐकत नाहीत. "दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, मामी." फक्त मशीनपुढे हात जोडून शांतपणे म्हणतात, "जरा सरकून बसा हं. मलाही बसायचंय." मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हसायला गेले, पण त्यांनी खरंच कुणीतरी सरकेपर्यंत वाट पाहावी तशी क्षणभर वाट पाहिली, आणि मीच नकळत जरा सरकले.

अशा माणसाला मी स्वतःहून रिळं नेऊन दिली. माझे बाबा खडकीच्या कारखान्यात होते. क्वार्टर्समध्ये टेपरेकॉर्डर फक्त आमच्याकडे. तो कधीच मोडीत गेला, पण तीन रिळं बाबांच्या ट्रंकेत राहिली होती. "काही नाही हो त्यात," मी म्हटलं, "बाबा रेडिओच्या बातम्या भरून ठेवायचे. खुशाल पुसा."

दोनेक महिन्यांनी नणंदेचा फोन आला. जावई आठ दिवस गायले नाहीत म्हणे. शेजारीपाजारी, जे इतके दिवस आवाजाने वैतागले होते, तेच आता शांततेने घाबरले होते. मी दुपारी गेले. जावईबापू दारातच उभे, चेहरा पांढराफटक. मला बसूही दिलं नाही.

"मामी, ढब्बू कोण?"

ढब्बू मी! लहानपणी मी गुबगुबीत होते. आई आणि बाबा, दोघंच मला ही हाक मारायचे. आई मी चार वर्षांची असताना गेली. बाबा जाऊनही बारा वर्षं झाली. नवऱ्याला मी हे नाव कधी सांगितलं नाही, नाहीतर जन्मभर ऐकावं लागलं असतं. माझ्या डोक्याबाहेर ते नाव जगात कुठे उरलेलंच नव्हतं.

त्यांनी गाणं लावलं. पाचही जावई जोरात गाऊ लागले. मधे एका ठिकाणी त्यांनी मुद्दाम सगळं थांबवलं होतं, श्वासभर. नेमकी तिथेच, लांबून, एक बाई हसत म्हणाली, "ढब्बू, पुढे म्हण ना."

आईचा चेहरा मला फोटोमुळे माहीत आहे. आवाज माहीत नव्हता. साठ वर्षांची झाले तरी मला माझ्या आईचा आवाज माहीत नव्हता! मला जावयांचा भयंकर राग आला. तोंडावर म्हणालेही, "तुम्ही माझी आई पुसलीत हो." मग आठवलं, खुशाल पुसा म्हणणारी मीच. तिन्ही रिळांवर गाऊन झालं होतं. आठ दिवस त्यांनी कान लावून इंच न् इंच ऐकलं होतं. एवढं एकच वाक्य उरलं होतं. आधीचा सूर आणि पुढची टाळी त्या वाक्याला चिकटूनच होती, त्यांचं गाणं काढून आईला एकटं ठेवता येत नव्हतं.

ते गाणं त्यांनी कुठेही पाठवलं नाही. आता दर गुरुवारी दुपारी मी धायरीला जाते. जावईबापू मशीनपुढे हात जोडतात, पण आता ते जुन्या माणसांना काही सांगत नाहीत, आपल्याच पाच आवाजांना दटावतात, "जरा सरकून बसा रे. मामींच्या आईंना जागा द्या." मग ते बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहतात, दार ओढून घेतात.

ला-ला-ला होतं, टाळ्या होतात, सगळं थांबतं. "ढब्बू, पुढे म्हण ना." आई मला काय म्हणायला सांगत होती, गाणं, श्लोक की पाढा, ते मला काही केल्या आठवत नाही. मी आपली दर वेळी नुसतं "हो आई, म्हणते" एवढंच म्हणते, आणि तेवढ्यात पाचही जावई पुन्हा गायला लागतात.