दोन पांढऱ्या सशांचा हुलिया

अर्जदार : मी स्वतः, धंदा अर्जनवीस, राहणार मैलूर, शहर बिदर. गैरअर्जदार : कोणी नाही. वादाची मिळकत : ससे दोन, रंग पांढरा, डोळे लाल, वय अंदाजे आठ महिने. दिनांक : नक्की आठवत नाही; मोबाईल खिशात आला होता, पण बोलण्यासाठी गच्चीवर चढावे लागत होते, ते वर्ष. साक्षीदार : एक, अर्जदाराची पत्नी, दोन, शेजारची आजी, निशाणी अंगठा, तीन, एक रिक्षावाला, जो शेवटपर्यंत घाई करीत होता.

माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. सशांची दिली असती, परंतु माझ्या धाकट्या मुलीने आणि शेजारच्या मुलीने हट्टाने आपापल्या सशाला एकच नाव ठेवले होते. त्यामुळे पुराव्याच्या दृष्टीने त्या नावाचा काडीचा उपयोग नाही.

प्रथम अर्जदाराची पात्रता सांगणे भाग आहे. मी सातवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करून आठवीच्या वर्गात रीतसर प्रवेश घेतला होता. पुढे घरच्या अडचणीमुळे शाळा सुटली, पण अक्षर सुटले नाही. तहसील कचेरीच्या कुंपणालगत टेबल टाकून मी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत अर्ज लिहीत आलो आहे. त्यातही हुलिया लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हुलिया म्हणजे माणसाच्या ओळखीच्या खुणांचे लेखी वर्णन : उंची, रंग, तीळ, जुना व्रण. हा शब्द आमच्याकडे निजामाच्या अमदानीपासून चालत आलेला आहे. मंठाळचे दोन जुळे भाऊ एकदा माझ्यापुढे उभे राहिले, तेव्हा कोणाच्या भुवईत फट आहे हे मी चष्मा न पुसता सांगितले होते.

ससे आले ते एकाच दिवशी, आठवडी बाजारातून, एकाच टोपलीतून. एक आमच्या मुलीने घेतला आणि एक शेजारच्या मुलीने. शेजारचे कुटुंब घरात कन्नड बोलणारे, आम्ही मराठी. दोन्ही मुली मात्र अंगणात उतरल्या की अर्धे वाक्य या भाषेत सुरू करून त्या भाषेत संपवीत. शेजारची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची असेल. मला ती मामा म्हणे. तिचे वडील गवंडीकाम करीत. त्या काळात आमच्या गल्लीतून कोणी पुण्याला तर कोणी हैदराबादला जातच होते. त्यांनाही पुण्यात कायमचे काम लागले आणि निघण्याचा दिवस ठरला. मुलीने एकच अट घातली : ससा बरोबर येईल, आणि तोही माझाच.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भांडी बांधायला खोके कमी पडले, म्हणून तिच्या आईने सशाचे खोके रिकामे करून घेतले आणि ससा तेवढ्यापुरता आमच्या पिंजऱ्यात सोडला. सकाळी पाहतो तर दोन पांढरे गोळे एकमेकांना टेकून बसलेले. कोणता कोणाचा, हे सांगता येईना.

"आता गं अक्का?" शेजारीण माझ्या पत्नीला म्हणाली. "कोनचा बी एक टाकू टोपलीत. ससा तो ससा."

एवढे ऐकताच तिच्या मुलीने जमिनीवर बसकण मारली. "मला माझा पायजे. न्हाईतर मी येत न्हाई."

मी त्या वेळी दाढी करीत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो आणि हे प्रकरण हाती घेतल्याचे जाहीर केले. पत्नी म्हणाली, "घ्या! आता सशाला बी कचेरी दाखवणार हे."

मी तिकडे लक्ष दिले नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून तराजू आणवला. एका पारड्यात एक ससा, दुसऱ्यात दुसरा. काटा मधोमध उभा राहिला आणि दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढं बरोबर तर माझं साखरेचं माप बी येत न्हाई." त्यानंतर मी भाषेची परीक्षा घेण्याचे ठरविले. शेजाऱ्यांचा ससा कन्नड घरात वाढलेला, म्हणून तो 'बा, बा' म्हटल्यावर येईल. आमचा 'ये, ये' म्हटल्यावर येईल. हा विचार मला इतका कायदेशीर वाटला की मी तो दोनदा बोलून दाखविला. मग अंगणाच्या एका टोकाला कोथिंबिरीची काडी घेऊन बसलो आणि म्हणालो, "बा, बा!"

दोघेही आले.

"ये, ये!" म्हणालो. पुन्हा दोघेही आले, आणि आमच्या दाराशी बसलेली शेजारची आजी तोंडाला पदर लावून हसू लागली. "अय्यय्यो! आपल्या गल्लीतलेच की हो ते. त्यांला दोन्ही येतंय."

इतक्यात आमच्या मुलीला आठवले. "अप्पा, आपल्याच्या उजव्या कानाला बारीक चीर हाय!"

मी दोन्ही ससे उचलून पाहिले. खरोखरच एकाच्या उजव्या कानाच्या कडेला नखभर चीर होती. दुसऱ्याच्याही कानाला तशीच चीर, पण डाव्या. टोपलीवाल्याने खूण केली असावी, नाहीतर काठीला लागले असावे. माझे काम झाले होते. उजव्या कानाचा आमचा, डाव्या कानाचा शेजाऱ्यांचा. मी डाव्या कानाचा ससा टोपलीत ठेवला, दुसरा परत पिंजऱ्यात सोडला आणि दाराजवळच्या माझ्या घरच्या टेबलाशी बसलो, कारण अशा गोष्टी तोंडी ठेवणे मला मंजूर नाही. शिवाय शेजारच्या मुलीच्या वडिलांचेही म्हणणे पडले, "लिहून द्या मामा. कंडक्टरनं टोपली बघितली तर दाखवायला कागद बरा."

मी लिहिले : 'सदर ससा, वर्ण पांढरा, नेत्र लाल, डाव्या कानाच्या कडेस जुनी चीर, हा शेजारच्या मुलीच्या मालकीचा असून तो तिच्या ताब्यात राजीखुशीने देण्यात येत आहे.' कागद मोठ्याने वाचून दाखविला. पत्नीने सही केली, आजीने अंगठा दिला. दारात रिक्षावाला आला होता. त्यालाही मी साक्षीदार करून घेतले. तो म्हणाला, "मालक, बस सुटायलीय, आन् तुमी सशाचं खरेदीखत करायलाव!"

शेजारची मुलगी टोपली मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होते आणि ती एक शब्दही बोलत नव्हती. गाव सुटण्याचे दुःख, असे मी समजलो. मी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर मारला. ठप्प.

टोपलीतून आवाज आला : ठप्प.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आमच्या सशाचा पिंजरा घरात माझ्या टेबलाखाली असे. संध्याकाळी मी उरलेले कागद घरी आणून त्यांवर शिक्के मारीत असे, आणि प्रत्येक शिक्क्याला तो खालून मागच्या पायाने तसाच ठोका देई. पत्नी त्याला माझा कारकून म्हणत असे. ही सवय त्याच्याशिवाय दुसऱ्या सशाला असणे शक्य नव्हते. म्हणजे टोपलीत होता तो आमचा.

त्या क्षणी ही गोष्ट फक्त मला कळली होती. कागद झालेला होता. सह्या, अंगठा, शिक्का, सर्व पूर्ण. आजवर माझ्या हातून निघालेला एकही कागद मी परत घेतला नव्हता, आणि रिक्षावाला तर रिक्षा सुरू करून बसला होता. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही पत्ता लागला नसता. खात्रीसाठी मी कागद नसलेल्या जागीच, टेबलाच्या लाकडावर, पुन्हा एक शिक्का मारला. टोपलीतून पुन्हा ठप्प. पिंजऱ्यातला मात्र कोपऱ्यात दडून बसला.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कागद चुकला."

मग पत्नी म्हणाली, "काय म्हनलाव? परत म्हना की. आजीला नीट ऐकू आलं न्हाई."

"कागद चुकला," मी मोठ्याने म्हणालो आणि तो सर्वांसमोर चार तुकडे करून फाडला. चूक कोठे झाली तेही लगेच उघड झाले. आमची मुलगी सशाला समोर तोंड करून मांडीवर घेई, आणि उजवा कान म्हणजे तिच्या उजव्या हाताकडचा कान. मी मात्र हुलियाच्या नियमाने, ज्याचा कान त्याची उजवी बाजू, असे धरले होते. नियम बरोबर होता, ससा चुकला. सर्वजण इतके हसले की रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली.

ससे बदलले. शेजारच्या मुलीने आपला ससा छातीशी धरला आणि रडता रडताच हसू लागली. म्हणाली, "मला ठावं होतं मामा. तो माझा न्हवता."

"मग बोललीस कामून न्हाई?"

"तुमी कागदावर लिवलं की. मग मी काय बोलू?"

हे वाक्य ऐकून मी शिक्का डबीत ठेवला. आजवर मी कागदाच्या ताकदीबद्दल पुष्कळांना सांगितले होते, पण ती ताकद एका नऊ वर्षांच्या मुलीला अशी गप्प बसविते हे कोणी मला सांगितले नव्हते. मी विचारले, "पण तू वळखलीस कशानं?" तोवर सामान चढले होते, आजी मागे बसली होती, रिक्षा हलली. मुलीने बाहेर डोके काढून काहीतरी ओरडून सांगितले, अगदी आनंदाने. पण इंजिनाच्या फटफटीत एक अक्षर ऐकू आले नाही. माझी मुलगी रिक्षामागे कोपऱ्यापर्यंत धावत गेली आणि परत येऊन आपल्या सशाला घेऊन शिक्क्याशी खेळत बसली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीच्या वडिलांचा पुण्याहून फोन आला. ससा सुखरूप पोहोचला, कंडक्टरने काही विचारले नाही, उलट त्याला काकडी दिली. मी गच्चीवर उभा राहून खुणेचा प्रश्न विचारला आणि नेमकी रेंज गेली. पुढे त्यांनी खोली बदलली व नंबरही बदलला.

सबब, पुणे मुक्कामी असलेल्या व आता मोठ्या झालेल्या सदर मुलीस अर्जदाराची नम्रतापूर्वक मागणी की, तिने दोन सारख्या पांढऱ्या सशांतून आपला ससा कोणत्या खुणेवरून ओळखला, याचा खुलासा लेखी अगर तोंडी, मराठीत अगर कन्नडमध्ये, सवडीने परंतु निश्चित करावा. अर्जदाराने त्याच दिवशी दुरुस्त हुलिया नव्याने लिहिला असून, उत्तर येईपर्यंत 'ओळखीची खूण' हा रकाना कोरा ठेवला आहे.