मुरलेलं सिरम

गॅरेजमधून बॅटरीच्या पाण्याचा कॅन उचलून मी घरी आले तेव्हा आत्या खिडकीशी बसून पावटे सोलत होत्या. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्यांना घाबरत होते, मग त्या मला घाबरायला लागल्या, आणि दोघींचं घाबरून संपल्यावर आमचं छान जमलं.

"गाडी तर इकली आपन," कॅनकडं बघत त्या म्हणाल्या. "ह्ये पानी कुणाला पाजायचं?"

"तोंडाला लावायला आणलंय."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. "व्हय, गरज तर हाय," म्हणाल्या आणि पुन्हा सोलायला लागल्या.

मी तळेगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या सुमारास आरशात बघितलं की मला माझ्याच मोठ्या बहिणीसारखं कुणीतरी दिसायचं. दुकानात चेहऱ्याला लावायच्या सिरमची बाटली हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि डोकंच सटकलं. व्हिटॅमिन सी, पाणी, ग्लिसरीन. एवढंच तर होतं त्यात, आणि तोरा केवढा! म्हटलं, हे तर मी ओट्यावर करीन. डिस्टिल्ड वॉटर आमच्या भागात सगळ्यात सहज गॅरेजमध्ये मिळतं, म्हणून तो कॅन.

मग दर पंधरवड्याला रविवारी दुपारी माझा कारखाना सुरू व्हायचा. सोनाराकडं असतो तसला छोटा काटा, उकळून वाळवलेल्या काचेच्या वाट्या, तपकिरी काचेची ड्रॉपरची बाटली. व्हिटॅमिन सीची पांढरी पूड पाण्यात सोडली की क्षणभर तळाशी ढग जमायचा. हळूहळू तो ढग पातळ व्हायचा, आणि मग काहीच उरायचं नाही, नुसतं पाणी. बाहेर लोणावळ्याच्या अंगानं आलेलं धुकं डोंगरावरून असंच उतरायचं आणि समोरच्या सोसायटीच्या गच्च्या एकेक करून पुसत जायचं. लांबून मालगाडी जायची, तिचे डबे संपता संपायचे नाहीत. मी चमचा ढवळत उभी असायचे आणि मला वाटायचं, या घटकेला कुणी मला हाक मारू नये. ग्लिसरीनचे थेंब टाकायचे, आंबटपणा पट्टीवर बघायचा, बाटलीत भरायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. बस.

"ह्यानं व्हतंय काय पन?" आत्यांनी विचारलं.

मी त्यांना वर्गात शिकवते तसं शिकवलं. सफरचंद कापून ठेवलं की हवेनं काळं पडतं, त्याला लिंबू चोळलं की पडत नाही. चेहऱ्यालाही ऊन आणि हवा लागून लागून तसंच होतं, आणि हे त्याचं लिंबू.

"म्हंजी मी सफरचंद."

"हो. जरा जुनं."

त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडं ओढली, डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं. "लाव मंग," म्हणाल्या.

आत्यांच्या दोन्ही गालांवर वांग होता. काळसर, कडेला फाटल्यासारखा. जवळच्या कान्हे गावाला त्यांची भातखाचरं होती, उमर सगळी आवणीत आणि कापणीत गेलेली. खाचरातल्या पाण्यावरून उलटं येणारं ऊन डोक्यावरच्या उन्हापेक्षा वाईट, असं त्या सांगायच्या. फोटो काढायचा म्हटलं की त्यांचा पदर आपोआप गालावर यायचा. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या, बारशांच्या फोटोंत आत्या आहेत, पण डोळे आणि नाक एवढ्याच आहेत.

आता मला भिंतीवरच्या फोटोबद्दल सांगितलं पाहिजे.

सासरे गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा धड फोटो घरात नव्हता. वराळ्याच्या कुठल्याशा लग्नातला घोळक्याचा फोटो सापडला, त्यातून त्यांना कापून मोठं केलं. घाईत केलेलं काम ते. त्यामुळे हॉलमध्ये भिंतीवर सासरे आहेत आणि त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. चौकड्याची बाही, मनगटाला घड्याळ. पाहुण्यारावळ्यांना विचारून झालं, कुणालाच तो हात ओळखता येत नाही. हार घालताना आत्या दरवेळी त्या हाताकडं खाऊ की गिळू अशा बघायच्या. "सौंसार मी केला," म्हणायच्या, "आन् खांद्यावर हात ह्याचा."

त्या दुपारी, गालावर पहिला थेंब पडल्यावर, डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "वांग गेला की मला स्टुडिओत ने. माझा एकटीचा फोटू पायजे. तोंडावर पदर नसलेला. मी गेल्यावर मागनं ह्येच्यात्येच्या घोळक्यातनं कापून लावू नका मला."

माझा हात तिथंच थांबला. "काहीतरीच काय बोलता," मी म्हटलं. पण त्या काहीतरीच बोलत नव्हत्या, हे मला कळलं होतं. त्यांना गेल्यानंतरचा चेहरा हवा होता, आणि तो मी तयार करून द्यायचा होता.

मग रोज शाळेतून आलं, चहा झाला, की आम्ही खिडकीशी बसायचो. त्यांची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सैल आणि मऊ होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट फिरवत गेलं की त्यांचं बोलणंही तसंच सैल व्हायचं. कधी त्या मला आपल्या आईच्या नावानं हाक मारायच्या आणि चूक लक्षात आली तरी दुरुस्त करायच्या नाहीत. कधी सांगायच्या की लहानपणी पहाटे धुक्यात कान्ह्याच्या रेल्वे फाटकाशी उभं राहिलं की गाडी दिसायची नाही, नुसता आवाज अंगावरून जायचा. बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा. माझा हात त्यांच्या गालावर असायचा आणि संध्याकाळ कधी झाली ते दोघींनाही कळायचं नाही. मी माझ्या स्वतःच्या आईच्या गालाला असा हात कधी लावला नव्हता. आमच्यात तशी पद्धतच नव्हती.

जाग आली की त्या आरसा मागायच्या. खिडकीकडं तोंड करून एक गाल बघायच्या, मग दुसरा. "अजून न्हाई," म्हणायच्या.

ते ऐकलं की माझ्या जिवात जीव यायचा. खरं तेच सांगते. वांग फिकट होत होता, थोडासा का होईना, ते मला दिसत होतं. पण फोटो निघाला की त्यांचं इथलं काम संपलं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी विज्ञान शिकवणारी बाई, आणि मनातल्या मनात वांगाला म्हणत होते, बाबा रे, राहा अजून.

सिरम फार टिकत नाही. हवा लागली की पिवळं पडतं, मग चहासारखं होतं, आणि तसं झालं की ते फेकायचं. नवं केलं की जुनी बाटली मी ओतून द्यायला बेसिनपाशी ठेवायचे. परत येऊन बघावं तर बाटली धुऊन पालथी घातलेली असायची. मला वाटायचं, आत्या मदत करतायत. मनातून बरंही वाटायचं.

एका शुक्रवारी त्यांनी आरशात एक गाल पाहिला. दुसरा गाल पाहिला. मग आरसा माझ्या हातात दिला. "जमलंय," म्हणाल्या. "रविवारी जाऊ."

मी म्हटलं, अजून थोडं लावू, आणखी एक बाटली होऊ दे. म्हटलं, सध्या स्टुडिओत गर्दी असते. म्हटलं, थंडी संपू दे. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेऊन थोपटत म्हणाल्या, "पोरी, मी काय फोटू काढला की लगीच जात न्हाई."

मी उठून ओट्याकडं गेले आणि उगाच भांडी घासायला काढली.

रविवारी सकाळी त्या तयार होऊन खोलीतून बाहेर आल्या. हिरवं नऊवारी, नाकात नथ, पदर खांद्यावर घट्ट खोचलेला. खिडकीतलं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं आणि मी कपाळाला हात लावला.

चेहरा केशरी झाला होता. सगळा नाही. गालांवर बोटांचे पट्टे, हनुवटीवर एक ठिपका, कपाळावर कुणी चहाचा कप ठेवून उचलल्यासारखी कड. बोटांची टोकंही पिवळी धम्मक.

"आत्या, काय लावलंत?"

"तुझंच. चांगलं मुरलेलं लावलं, मोठा दिस म्हनून. राच्च्याला लावून झोपले."

मी देवघरात जाऊन पाहिलं. समईशेजारी, गणपतीच्या मागं, तांब्याची वाटी होती, आणि वाटीत काळ्या चहाच्या रंगाचं सिरम. मी फेकायला ठेवलेलं सगळं तिथं जमलं होतं. रोज दिव्याची ऊब, वरून हळदीकुंकू. व्हिटॅमिन सी लवकरात लवकर खराब करायचं असेल तर ऊब, हवा आणि तांबं एकत्र आणावं, असं मी स्वतः मुलांना शिकवते. खराब झालेल्या सिरमचा रंग कातडीवर चढतो आणि काही दिवस उतरत नाही. त्या बिचारीला हे कुठून कळणार? त्यांच्या घरात मोरावळा काळा पडला की चांगला झाला, लोणच्याचा रंग गडद झाला की पाहुण्यांसाठी काढलं. नवी वस्तू आधी देवापुढं, आणि चांगल्यातली चांगली मोठ्या दिवसासाठी राखून. सगळं बरोबर केलं होतं त्यांनी, फक्त सिरमनं ऐकलं नव्हतं.

"अहो, ते मुरत नाही, नासतं!" माझा आवाज चढला.

"नासलं तर वास येतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "ह्येला कुटं येतोय?"

मी ओलं फडकं घेतलं, त्यांना खिडकीशी बसवलं, एका हातानं गाल धरला आणि दुसऱ्या हातानं हनुवटी पुसायला लागले. रंग काही हलेना. त्या तोंड वर करून बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटून. मग एकदम म्हणाल्या, "माज्या हळदीला अशीच पुसली व्हती मला. आईनं. लय चढली व्हती, निगंना."

आणि त्या हसायला लागल्या. आवाज न करता, सगळं अंग हलवत. पदराचं त्यांना भानच नव्हतं. मी रागावले होते, पण फडकं धरून मीही हसायला लागले. माझी लेक दारात उभी राहून मोबाइलवर आमचे फोटो काढत होती, तिला तर फुकटचा तमाशाच झाला.

स्टुडिओ त्या दिवशी राहिलाच. लेकीनं मोबाइल आत्यांपुढं धरला. त्यांनी चष्मा लावून, मान लांब करून फोटो पाहिला. पट्टे, वांग, नथ, उघडं तोंड, दात नसलेलं हसू. आणि गालावर माझा हात, मनगटापर्यंत.

"ह्यात बी हात आलाच बग," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढत, "पन ह्यो कुणाचा त्ये ठावं हाय."

रंग उतरला की जाऊ, असं ठरलं. रंग उतरला. मग त्यांना खोकला झाला, तो बरा झाल्यावर माझ्या शाळेच्या सराव परीक्षा आल्या. मी घाई केली नाही, त्यांनीही केली नाही. दुपारी खिडकीशी बसणं चालूच होतं. आरसा मागायचं मात्र त्यांनी बंद केलं होतं. उन्हाळा लागायच्या आत एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. मी गालाला हात लावला आणि मला कळलं.

दहाव्याच्या आधी मी स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं लेकीच्या मोबाइलमधला तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि झरझर बोलायला लागला. रंग पिवळा आलाय, तो नीट करतो. डाग काढतो. सुरकुत्याही कमी होतील. मागं निळं टाकू. मी पडद्याकडं बघत होते. आत्या एवढ्या मोठ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"आहे तसाच काढा," मी म्हटलं.

"बरं. पण हा गालावरचा हात तरी काढून टाकतो," तो म्हणाला. "कुणाचा आहे, काही कळत नाही."

"माझा आहे," मी म्हटलं. "तो राहू द्या."