पाठीवरचा केर

फरशी पुसायला काय शिकायचं असतं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. दहा वर्षं मी मंगळवार पेठेत लोकांच्या घरच्या फरश्या ओणवी होऊन ओल्या फडक्यानं पुसल्या, तेव्हा मलाही तसंच वाटायचं. मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सफाईचं काम लागलं. पहिल्याच दिवशी कळलं की आपल्याला यातलं ओ की ठो येत नाही.

घरातल्या फरशीवर पडून पडून काय पडतं? भाताची शितं, पोरांनी सांडलेले चुरमुरे. इथं लोखंडाचा कीस पडायचा, बारीक आणि धारदार, आणि त्यावर मशिनचं तेल. ते आधी झाडून न घेता पाणी लावलं की असा राडा व्हायचा की दोन दिवस निघायचा नाही. कीस हातानं उचलायचा नाही, बोट कापलंच म्हणून समजा. तेलावर लाकडाचा भुसा टाकायचा, त्यानं तेल पिऊ द्यायचं, मग लोटून घ्यायचं. मगच मॉप. बादल्या दोन, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. मॉप घट्ट पिळायचा आणि उलट्या पावलांनी मागं सरकत पुसायचं, म्हणजे आपल्याच ओल्यावर आपला पाय पडत नाही. दोन्ही टोकांना ओलं असल्याची पिवळी पाटी ठेवायची. हे सगळं मी घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "फरशी पुसतीस का इमान चालवतीस?" मी म्हटलं, "एकदा पुसून दाव, मग बोल."

माझ्या जोडीला अक्का होती. माहेर सीमेपलीकडचं, कागलात दिलेली, घरात कानडी बोलणारी. पन्नाशी उलटलेली. मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणायचे. कंबर गेलेली होती म्हणून मॉप माझ्याकडं आणि लांब दांड्याचा झाडू तिच्याकडं. तिच्यासारखं झाडणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. म्हणायची, "झाडू उचलायचा न्हाय, लोटायचा. उचलला की धूळ उडती आन् फिरून तितंच बसती." ती झाडत असताना शेजारी बसून भाकरी खाल्ली तरी चाललं असतं. घरी ती आणि शाळेत जाणारी नात, एवढ्या दोघीच. अक्काचं काम गेलं तर नातीची शाळा गेली, इतका सरळ हिशेब होता.

आता खरा घोळ सांगते. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, दुसरी चारला लागायची. मधल्या अर्ध्या तासात मशिनांमधली मोठी वाट झाडून, पुसून, वाळवून द्यायची. दहा मिनिटं झाडायला, दहा पुसायला, दहा वाळायला. नीट जमत होतं, पण कागदावर. कारण साडेतीनचा भोंगा झाला की अक्का झाडू उभा धरून खिडकीशी जायची आणि तिथंच थांबायची. पाळी सुटलेली माणसं हातपाय धुणार, डबे घेणार, बसमध्ये चढणार, आणि ती बस फाटकाबाहेर जाऊन वळणार, तोवर ही झाडू टेकवायची नाही. माणूस बाहेर पडलं की लगेच त्याच्या पाठीवर केर काढू नये, ते परत येत नाही म्हणतात. आमच्या आईनंही हे सांगितलेलं, पण अहो, घरात. इथं साठ माणसं रोज बाहेर पडायची.

मी तिखट तोंडाची. रोज भांडायची. "अक्का, ही फॅक्टरी हाय, तुझं घर न्हाय." ती म्हणायची, "माणसं तर कुणाच्या तरी घरचीच हायत की." एकदा मीच तिच्या हातातला झाडू ओढला, तर तिनं सरळ वाटेत फतकल मारली. मग काय करता? बस गेली की ती झाडणार, मग मी पुसणार, तोवर चार वाजत आलेले, आणि दुसऱ्या पाळीची माणसं दारात. पिवळी पाटी बघून थांबेल तो कोल्हापूरकर कसला. "व्हय व्हय, दिसतंय की," म्हणत सगळे ओल्यावरूनच जायचे.

आणि एक दिवस दुसऱ्या पाळीला येताना पैलवान घसरला. आमच्याच पेठेतला, तालमीत घुमलेला, लेथवर काम करायचा. घरी म्हशींचा गोठा. ज्याला आखाड्यात कुणी पाठ लावली नाही, तो आमच्या फरशीवर सपशेल आडवा. डबा एकीकडं, टोपी एकीकडं. हाड मोडलं नाही, पण माकडहाड असं शेकलं की आठवडाभर उभ्यानंच जेवत होता. सगळी पाळी हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण आमचा सफाईचा कंत्राटदार हसला नाही. सेफ्टीच्या साहेबांना घेऊन आला. हे साहेब पुण्याकडचे, तरणे, मोजून मापून बोलणारे. म्हणाले, "सोमवारपासून मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहणार. तीन पन्नासला पुसून झालेलं आणि चारच्या आत फरशी कोरडी पाहिजे." कंत्राटदारानं त्यापुढं जोडलं, "नसली, तर म्हातारीला घरी बसवणार." आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तुला दुसरी जोडीदारीण देतो."

त्या दिवशी बसथांब्यावर मी अक्काला नको नको ते बोलले. खुळी म्हटलं, अडाणी म्हटलं, नातीचं नाव काढलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं. तिचा नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर होता. एका सकाळी घाईनं बाहेर पडला. दारात पाचट पसरलेलं, ट्रॅक्टरचा आवाज अजून ऐकू येत होता, तोवर हिनं झाडायला घेतलं. दुपारी निरोप आला. "केर अजून सुपलीतच व्हता," ती म्हणाली. "मला कळतंय गं, झाडूनं कोण मरत न्हाय. पर हात उचलत न्हाय. काय करू?"

शेणात तोंड घातल्यासारखं झालं मला. घरी येऊन नवऱ्याला जेवायला वाढलं आणि मी न जेवताच उठले.

पण माझ्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी पाळी लागायच्या आधी, तीनच्या सुमाराला, कॅन्टीनमध्ये पैलवान उभ्यानं जेवता जेवता अक्काची नक्कल करत होता, झाडू धरून खिडकीशी कशी उभी राहते ती. सगळे खिदळत होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट आपटलं आणि भरल्या कॅन्टीनमध्ये सगळं सांगून टाकलं, ट्रॅक्टर, पाचट, सुपली, सगळं. "तुमाला काय हुईल म्हणून ती खिडकीत उभी ऱ्हाती," म्हटलं, "आन् तुमी दात काढताय." पैलवानानं हातातली भाकरी डब्यात ठेवली. अक्काला हे कळलं तेव्हा मला म्हणाली, "तुझ्या तोंडाला दार हाय का न्हाय?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सोमवार उजाडला. पाळ्या बदललेल्या, पैलवान आता पहिल्या पाळीला. साडेतीनचा भोंगा झाला. साहेब मनगट पुढं धरून उभे. भुसा टाकलेला, माझ्या दोन्ही बादल्या भरलेल्या, पाट्या मांडलेल्या. आणि अक्का झाडू धरून खिडकीशी. तिची बोटं दांड्यावर पांढरी पडली होती. झाड गं बाई, एकदा झाड, मी मनातल्या मनात म्हणत होते. एक मिनिट गेलं. दोन गेली.

हातपाय धुऊन, डबा काखेत मारून पैलवान बाहेर निघाला होता. दारापर्यंत गेला आणि वळून माघारी आला. अक्कासमोर उभा राहिला. म्हणाला, "अक्का, उद्या सकाळी सातला येतो."

अक्कानं झाडूचा दांडा छातीशी धरला.

"येतो म्हणून सांगून चाललोय. तू झाड."

"नक्की येतोस?"

"न्हाय आलो तर हाच झाडू घेऊन घरी ये आन् हाण."

त्याच्यामागं दुसरा उभाच होता. "येतो, अक्का." मग तिसरा. रोज बसमधल्या जागेसाठी धक्काबुक्की करणारी माणसं, ती रांग धरून आली. "येतो हं." "सातला येतो, अक्का." एकजण सवयीनं "चल, जातो" म्हणाला, तर पैलवानानं त्याची मान धरून त्याला परत रांगेत उभा केला. साहेब विचारत होते, "हे काय चाललंय?" अक्का आधी मान हलवत होती, मग "या, या" म्हणू लागली, आणि म्हणता म्हणता तिचा हात हलला. माणसं अजून दारातच होती आणि झाडू फरशीला लागला. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून ती तशीच रडत झाडत होती. मी मॉप पिळला आणि तिच्यामागं उलट्या पावलांनी अशी सुटले की विचारू नका. तीन पन्नासला पुसून झालं. चारला दोन कमी असताना साहेबांनी खाली वाकून फरशीला बोट लावलं, बोट बघितलं, आणि वहीत बरोबरची खूण केली.

रात्री मला आनंदानं झोप लागेना, आणि मग भीतीनं लागेना. साठ माणसांनी शब्द दिलेला. त्यातलं एखादं उद्या आलं नाही तर? साधा ताप आला तरी पुरे. अक्काचा हात जन्मात पुन्हा उठला नसता. आमचं काम आठला लागायचं, पण मी सकाळी पहिल्या पाळीच्या बसनं निघाले. बसमध्ये डोकी मोजली. पैलवान नव्हता.

फाटकाशी उतरले तर अक्का आधीच तिथं. कागलातून चालत आलेली, साडेसहापासून उभी. माणसं एकेक करून उतरत होती आणि तिला म्हणत होती, "आलो, अक्का." ती प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. बस रिकामी झाली. ड्रायव्हरनं दार लावलं. सातचा भोंगा झाला. ती फाटकाच्या गजाला धरून रस्त्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता. मी देवाला म्हटलं, त्याला आण बाबा, मी तोंड आवरीन.

सात वाजून दहा मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला. मागं कॅनांच्या मधे उभा होता पैलवान. पायाला गुडघ्यापर्यंत शेण, हातात झाकणाचा डबा. गाडी थांबायच्या आत त्यानं उडी टाकली आणि धापा टाकत आला. "म्हस व्याली पाटं," म्हणाला. "बस चुकली. रेडी झाली, अक्का. तुझ्या नातीला चीक आणलाय खरवसाला. आलो बघ."

अक्कानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. हात लावून बघितलं, दंडाला, खांद्याला. मग डबा घेतला, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली,

"पाय धुऊन आत जा. काल पुसलंय."