ढोलासाठी सोडलेल्या जागा

सकाळी नूडल्सच्या गाडीवर रेडिओ लागला होता आणि त्यातून आमचे बानकी साइहू यकृताच्या गोळ्या विकत होते. साइहू म्हणजे उस्ताद. बाहुल्यांच्या खेळातल्या म्हाताऱ्या साधूचा तो घोगरा, जरा खोडकर आवाज. "बाळांनो, तोंड कडू पडतंय का? रात्री झोप उडते का?" गाडीवाली हसली. मलाही हसू आलं असतं, पण साइहू माझ्या शेजारीच बसून नूडल्स खात होते, आणि त्यांच्या गळ्यात स्वरयंत्रच नव्हतं. कर्करोगाच्या डॉक्टरांनी ते दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं.

त्यांनी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. जाहिरात संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग गळ्यात अडकवलेल्या छोट्या पांढऱ्या पाटीवर त्यांनी लिहिलं, "हे मी कधी बोललो?"

कधीच बोलले नव्हते. त्यांनी आयुष्यात औषध विकलं नव्हतं.

मी आहिंग. बाहुल्यांच्या खेळात ढोल आणि झांजा वाजवतो. आमच्या युनलिन जिल्ह्यात प्रत्येक देवळात देवाचा वाढदिवस असतो, आणि वाढदिवस म्हटला की बाहुल्यांचा खेळ आला. खेळातले राजे, डाकू, सुना, सासवा, विदूषक सगळे एकाच माणसाच्या गळ्यातून बोलतात. तसे गळे फार नसतात. म्हणून छोटी मंडळं उस्तादाच्या टेपा लावून खाली नुसत्या बाहुल्या नाचवतात. समोर माणूस नसला तरी देव बघत असतो, त्यामुळे कोणाची तक्रार नसते.

आता ऐका, साइहूंचं वेगळेपण काय ते. बाकीचे उस्ताद टेप भरताना ढोल, झांजा, सनई सगळं त्यातच भरायचे. मंडळवाल्याचं काम सोपं. बटण दाबलं की झालं, वाजवणाऱ्यांची गरजच नाही. आमचे लोक त्या टेपांना "उपासाच्या टेपा" म्हणायचे, कारण त्या वाजल्या की आम्ही घरी उपाशी. साइहूंनी मात्र नुसतं बोलणं भरलं. जिथे ढोल हवा तिथे ते थांबले, मनातल्या मनात ठेका मोजला आणि पुढे बोलले. को नावाच्या म्हाताऱ्या टेपवाल्याने डोक्याला हात लावला. साइहू म्हणाले, "तिथे माणूस बसू दे." त्या मोकळ्या जागांवर मी आणि माझ्यासारखे किती जण जगलो, मुलांची लग्नं केली. त्या जागा मला पाठ आहेत. साइहू कुठे श्वास घेतात तेसुद्धा पाठ आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साइहू पेठेतल्या थोतीकाँगच्या, म्हणजे भूमिदेवाच्या देवळात गेले आणि नवस बोलले. जगलो तर स्वतःच्या तोंडाने तुला पूर्ण खेळ ऐकवीन. डॉक्टर थोडंसंच कापतील असं त्यांना वाटलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा प्राण होता, आवाज नव्हता. देवाने आपली बाजू पाळली, आता यांची बाजू राहिली. तेव्हापासून हा माणूस मनातून कुरतडला जातोय. देवळावरून जाताना मान खाली घालतो. स्यूकुई वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, जिन्यावरून पडून हात मोडला, तर म्हणे माझ्याच नवसामुळे. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. ते एकदाच लावलं. वहिनी म्हणाल्या, "देवापुढे हे लावून बोला, काय होतंय." त्यांनी पाटीवर लिहिलं, "देवाला दाढीच्या मशीनचा आवाज ऐकवू?" आणि यंत्र जे कपाटात गेलं ते गेलंच.

तर रेडिओ ऐकून, वहिनींना घेऊन आम्ही तिघं थेट कोच्या ऑफिसात. म्हातारा को वारला, आता मुलगा बघतो. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. पण पोरगा नम्र. दारात येऊन वाकला, चहा ओतला, साइहूंना "काका, काका" म्हणत होता. असल्या माणसाशी भांडणं फार अवघड.

"काका, तुम्ही टेपा बाबांना विकल्यात. कागदावर सहीच्या जागी तुमचा शिक्का आहे. कायमच्या, सगळ्या हक्कांसकट, आज असलेल्या आणि पुढे निघेल त्या प्रत्येक साधनावर."

"टेपा विकल्या," मी म्हणालो. "गोळ्या विकायला माणूस नव्हता विकला."

"आहिंगकाका, आम्ही संगणकातल्या यंत्राला टेपा ऐकवल्या, ते शिकलं. इतर उस्तादांच्याही ऐकवल्या, पण त्यांच्यात सगळीकडे झांजा आणि ढोल. यंत्राला काही उमगेना. बानकीकाकांच्या टेपांमध्ये नुसता आवाज. एकदम स्वच्छ. असा आवाज दुसऱ्या कोणाचाच नाही मिळाला."

तो कौतुकाने बोलला होता. आम्हाला पोटाला मिळावं म्हणून जे केलं, त्यानेच हा माणूस नागवला गेला होता. मी साइहूंकडे बघितलं. ते चहाच्या पेल्यात बघत होते.

मग कोने संगणकावर काहीतरी लिहिलं आणि खोलीत सासुरवाशिणीचा आवाज आला, साइहूंच्या खेळातल्या धाकट्या सुनेचा, "सासूबाई, रागावू नका, भात करपला तरी मन करपलं नाही." वहिनी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. दोन वर्षांत नवऱ्याचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. टेपा लावायची त्यांना घरात बंदी होती. त्यांचा एक हात तोंडावर गेला. आणि साइहूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला कोचा राग करता येईना. तहानेने जीव चाललेल्या माणसाला कोणीतरी पाणी दाखवलं होतं.

त्यांनी घाईघाईने लिहिलं, "पूर्ण खेळ बोलेल?"

"बोलेल की. तुमच्या नवसाचं मला ठाऊक आहे, काका. तुमच्याकडून एक कपर्दिकही नको. फक्त इथे शिक्का मारा."

आता आली ना गोम. यांच्याकडे टेपा होत्या, तरी यांना शिक्का कशाला हवा? जुना आणि नवा, दोन्ही कागद घेऊन आम्ही नगर कार्यालयात गेलो. तिथे फुकट सल्ला द्यायला वकील बसतात. त्या दिवशी फान नावाच्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही कागद दोनदा वाचले.

"मास्तर, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "टेपवर जे भरलंय ते तुम्ही विकलंत, ते गेलं. पण तुमचा आवाज म्हणजे टेप नव्हे. तो नावासारखा, चेहऱ्यासारखा तुमच्या अंगाचा आहे. जुन्या कागदावरून टेप वाजवता येते. टेपवरून तुम्ही न बोललेलं बोलणं बनवता येतं का, हे कोर्टाने ठरवायचं. असा निकाल निदान माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या वकिलालाही हीच भीती आहे, म्हणून हा दुसरा कागद."

"दुसऱ्यात काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"सगळंच. कुठल्याही कामाला, कुठल्याही देशात, कायमचा. आणखी कोणालाही वापरायला देता येईल. मास्तर गेल्यानंतरही. संमती मागे घेता येणार नाही. यंत्राचा आवाज आहे असं सांगायचं बंधनही नाही. उद्या या आवाजात कोणी मतं मागेल, कोणी म्हाताऱ्यांना फोन करून लुबाडेल. द्यायचाच असेल तर कशासाठी, किती काळ, ते लिहून घ्या. आणि नको त्या कामाला नाही म्हणायचा हक्क स्वतःकडे ठेवा."

"ते कबूल होतील?"

"विचारते. नाहीतर नोटीस. मग कोर्ट. वर्षं जातील."

साइहूंनी लिहिलं, "देव कोर्टाच्या तारखांवर थांबत नाही."

कोने अटी मानल्या नाहीत. सगळं द्या नाहीतर काहीच नको, असं त्याच्या भागीदारांचं म्हणणं. मला वेगळं गाठून तो म्हणाला की पुढे यंत्रच नवे खेळ रचेल, ढोल-झांजाही तेच बसवेल, मंडळाला एक माणूस पुरेल. हे तो मला सांगत होता. मला. मी म्हणालो, "बाळा, बाहुल्याही त्यालाच नाचवू दे, आणि बघायलाही त्यालाच बसव." त्याला ते कळलं नाही, किंवा कळून न कळल्यासारखं केलं.

साइहूंचे ते दिवस फार वाईट गेले. जेवण सुटलं. कोचा कागद ते उशाखाली घेऊन झोपायचे. एकदा वहिनींनी शिक्का लपवला, तर या शांत माणसाने कपाटाचे सगळे खण जमिनीवर ओतले. मला लिहून दाखवलं, "आवाज माझाच आहे ना? मग माझ्या आवाजाने नवस फिटेल. पुढे त्याचं काहीही होवो." मी नको म्हणालो असतो तर पोटासाठी बोलतोय असं वाटलं असतं, आणि ते थोडं खरंही होतं.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "ज्याचा नवस त्यालाच विचारा."

देवाला विचारायचं ते लाकडी कौलाने. चंद्रकोरीसारखे दोन तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला तर हो. दोन्ही सपाट वर आले तर देव हसतोय. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. वहिनींनी मोठ्याने नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली आणि विचारलं, "यंत्र बोललं तर ते यांचं बोलणं धरशील का?"

साइहूंनी कौल टाकला. दोन्ही फुगीर. पुन्हा टाकला. दोन्ही फुगीर. तिसऱ्यांदा त्यांनी इतक्या जोराने टाकला की एक तुकडा माझ्या चपलेपाशी घरंगळत आला. तोही फुगीरच.

त्याच आठवड्यात फानबाईंच्या नोटिशीला उत्तर आलं. कोच्या कंपनीचं म्हणणं, जाहिरातीतला आवाज श्री. ल्याउ बानकी यांचा नाहीच, तो यंत्राचा आहे, सारखेपणा योगायोगाने आहे. शिक्का हवा होता तोवर तो काकांचा आवाज होता. एवढ्या वर्षांत देव आणि कंपनी यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

साइहूंनी कोचा कागद चुलीत घातला. म्हणजे आता आवाजही नाही, नवसही तसाच, आणि रेडिओवर गोळ्या चालूच. दिवसभर ते दारात बसून राहिले. मी संध्याकाळचा चहा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली. "तू ढोल वाजव. माझ्या जागा सोड."

मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा चहाचा पेला खाली ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात देवळासमोर मंच लावला. बघायला दोन म्हाताऱ्या, त्याही लसूण निवडत बसलेल्या. मी ढोलावर. साइहूंनी दोन्ही हातांत बाहुल्या घातल्या, देवाकडे तोंड केलं आणि ओठ हलवायला सुरुवात केली. साधू, डाकू, सासू, सून, सगळे. प्रत्येक शब्द तोंडातून पूर्ण काढत होते, गळ्याच्या भोकातून नुसता वारा सुसू करत होता. टेपेत त्यांनी माझ्यासाठी जागा सोडल्या होत्या, आता मी त्यांच्यासाठी सोडत होतो. मी वाजवायचो आणि थांबायचो. थांबलो की देवळासमोर काहीच नसायचं, लसणाच्या सालींचा आवाज तेवढा. घाई करायची नाही, हे मी स्वतःला बजावत होतो. म्हाताऱ्या सासूचं लांबलचक भाषण आलं तेव्हा मी ढोलावर हात ठेवून इतका वेळ बसलो की एका बाईने विचारलं, "बंद पडलं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "सासू बोलतेय."

तिने बाहुलीकडे पाहिलं आणि लसूण बाजूला ठेवला.

खेळ संपला. कौल बघायचं धैर्य वहिनींना नव्हतं. त्या आमच्याकडे पाठ करून बाहुल्या पेटीत भरू लागल्या. या वेळी मी मोठ्याने विचारलं. ल्याउ बानकी, पेठेतले, अमुक साली जन्मलेले, स्वतःच्या तोंडाने बोलले, पोचलं का?

एक पालथा, एक उताणा. मी म्हणालो, "हो." दुसऱ्यांदा तसंच. मी म्हणालो, "हो." तिसऱ्यांदा साइहूंनी डोळे मिटूनच टाकला, आणि मीच सांगितलं, "हो."

"बाई गं," वहिनी पेटीत डोकं घालूनच म्हणाल्या. "आता जेवाल तरी. डुकराच्या रश्शाचा भात केलाय. या सुनेची बाही उसवलीय बघा, उद्या शिवते."

साइहू फरशीवर गुडघे टेकून बसले होते. खांदे गदागदा हलत होते, तोंड उघडं होतं, चेहरा ओला झाला होता. रडायलाही आवाज लागतो, हे मला तेव्हा कळलं. वहिनी बाहीबद्दल बोलत राहिल्या. त्यांना काही ऐकू गेलं नाही.