दुसरा पाट

प्रेमला वन्सं आल्या की घर हसायला लागायचं. माझ्या या थोरल्या नणंदबाई राजगढच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, अंगानं चांगल्या भरभक्कम. देवासला आमच्याकडे आल्या की बसमधून उतरताना कंडक्टरला म्हणायच्या, "जरा रुकना भिया, गाड़ी हल्की हो रही है." त्यांच्या जाडीवर दुसरं कुणी बोलायच्या आत त्या स्वतःच बोलून मोकळ्या. चंपाषष्ठीला आमचं सगळं कुटुंब धारला थोरल्या दिरांकडे, मानसिंगरावांकडे जमायचं. मानसिंगराव आपल्या या बहिणीसाठी दरवर्षी दोन पाट जोडून मांडायचे. वन्सं दोन्हींवर ऐसपैस बसून विचारायच्या, "आणि तिसरा कुठाय?" पंगतीची हसून हसून पुरेवाट. मीही हसायचे. अशी नणंद मिळायला नशीब लागतं, असं शेजारणींना सांगायचे.

माझ्या इंदूच्या बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं ते याच आत्यानं. पोर मोठी होऊन अंगानं भरू लागली तसं जो तो म्हणायला लागला, आत्यावर गेली. ब्याऐंशीच्या चंपाषष्ठीला वन्संनी भर पंगतीत तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "माझी गादी हीच चालवणार!" इंदूही हसली. मला तरी ती हसलेली दिसली.

त्या हिवाळ्यात तिचं जेवण आटत गेलं. आज सोमवार, उद्या चतुर्थी, परवा मैत्रिणीकडे खाल्लं. पंधरा वर्षांची पोर उपासतापास करते म्हटल्यावर कौतुकच झालं, मी तर आळीत मिरवलं. मग कुर्ते खांद्यावरून ओघळू लागले, केस गळू लागले आणि चैत्राच्या उन्हात पोरीला थंडी वाजायला लागली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली तेव्हा माझे डोळे उघडले. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, क्षयाच्या भीतीनं छातीचा फोटो काढला. फोटो स्वच्छ. मग मी रागावले, समोर बसवून घास भरवले. ती रडली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली. हे कारखान्यातून येऊन नुसते तिच्याकडे बघत बसायचे. डोळ्यांदेखत पोर हातची चालली होती.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "इसे खाने से डर लगता है. डाँटना बंद कीजिए, जबरदस्ती भी. और हर हफ्ते मुझे दिखाइए."

"डर किस बात का?"

"वो तो आपके घर में ही मिलेगा."

आमच्या घरात! बाईंचा मला असा राग आला. आमच्या घरात खाण्यापिण्याला काय कमी होती?

सुट्टी लागताच वन्सं बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. इंदूला बघून दारातच थबकल्या. पण सवय कुठे जाते? डबा पुढे करून म्हणाल्या, "खा गं. मी बघ, हवा खाऊनसुद्धा फुगते."

इंदूनं डबा ढकलला. "म्हणूनच नाही खात! मला तुझ्यासारखं नाही व्हायचं, आत्या. सब हँसते हैं तुझ्यावर!"

मी हात उगारला. वन्संनी तो वरच्यावर धरला. "बोलू द्या तिला, वहिनी."

इंदू बोलली. पंगत, पाट, गादी, सगळं बाहेर आलं. वन्संनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दुपारी मागच्या अंगणात भांडी घासताना त्या म्हणाल्या, "लग्न होऊन राजगढला गेले तेव्हा सासूबाई आल्यागेल्यासमोर माझ्या जाडीवरून बोलायच्या. मग मी शिकले. आपणच आधी हसलं की दुसऱ्याचं हसणं बोचत नाही. मी माझ्यापुरती वाचले, वहिनी, आणि ते हसणं पोरीला जाऊन लागलं." त्या बाईला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्यांचं इतकी वर्षं जळत होतं आणि आम्ही शेकत बसलो होतो.

सुट्टी संपली तरी रजा वाढवून त्या राहिल्या. दोन्ही वेळा इंदूच्या शेजारी जेवायला बसायच्या. तिच्या ताटाकडे बघायचं नाही, आग्रह नाही, थट्टा तर नाहीच. शिवणाच्या वर्गात मुली बाही उलटी कशी जोडतात, असल्या गप्पा. आग्रहाशिवाय वाढायचं ही मला शिक्षाच होती, जीभ आवरून मी भात वाढायचे. डॉक्टरीणबाईंकडच्या खेपा चालूच होत्या. कधी पोळी संपायची, कधी ताट तसंच राहायचं आणि पोर पुन्हा रडायची. असं पुढे-मागे होत दिवाळीपर्यंत तिच्या गालांवर थोडा रंग आला.

चंपाषष्ठीला धारला जायचा मलाच धीर होत नव्हता. इंदू म्हणाली, जाऊ. वन्संनी मानसिंगरावांना आधीच बजावलं होतं, यंदा पाटांची थट्टा नको. त्यांना वाटलं, हीसुद्धा थट्टाच. आम्ही पंगतीला गेलो तर दोन पाट जोडून मांडलेले. सगळे वन्संच्या तोंडाकडे बघू लागले.

वन्सं बसल्या नाहीत. "दादा, एक पाट उचल. पुष्कळ वर्षं हसवलं मी तुम्हाला. आता पुरे."

"अगं पगली, गंमत..." मानसिंगरावांचा चेहरा उतरला. ते पाट उचलायला वाकले.

"राहू द्या, मोठे काका," इंदू म्हणाली. "वो मेरा है." त्या पाटावर ती मांडी घालून बसली आणि आत्याचा हात ओढून तिला शेजारी बसवलं.

वन्संनी डोळ्यांना पदर लावला. इंदूनं रोडगा मागून घेतला. भरताबरोबर अर्धा खाल्ला, अर्धा पानात ठेवला. पानात अन्न टाकणं आमच्याकडे महापाप, त्यावरून मानसिंगरावांनी भल्याभल्यांना भर पंगतीत झाडलेलं. त्यांनी तो अर्धा रोडगा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या पानाकडे वळून म्हणाले, "इकडे भरीत आणा रे कुणी."